आमच्या आडनावाची माणसं

माझी आत्या एकोणतीस वर्षं चर्चच्या जुन्या वह्यांमधून लोकांचे पूर्वज शोधून देते आहे, आणि जिवंत माणसांशी धड बोलायला तिला अजून जमलेलं नाही. एकदा एक गृहस्थ लांबून आले होते. पणजोबांची नोंद सापडली आणि त्यांचे डोळे भरून आले. आत्या म्हणाली, "रडायचं असेल तर बाहेर जा. पानावर पाणी पडलं तर शाई जाईल."

तिची खोली चर्चच्या मागच्या बाजूला, माळ्यावर आहे. एक लोखंडी कपाट, एक लांब टेबल, वहीखाली ठेवायला उश्या, भिंग आणि शिसपेन्सिली. पेन आत न्यायला बंदी. कपाटात वरच्या फळीवर बाप्तिस्म्याच्या वह्या, मधल्या फळीवर लग्नाच्या आणि तळाला दफनाच्या. येणाऱ्यांना वरच्या दोनच हव्या असतात. आत्या आधी तळाशी वाकते, कारण पूर्वी एखादं मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव द्यायचे. मग हौशी लोक बाप्तिस्म्याची नोंद बघून खूश होतात आणि अकराव्या दिवशी वारलेल्या बाळापासून स्वतःचा वंश काढत बसतात. "आधी माणूस नीट मारायचा, मगच कागदावर घ्यायचा," हे ती प्रत्येकाला ऐकवते. निम्मे लोक दुसऱ्या दिवशी फिरकत नाहीत.

स्वतःच्या घराण्याला मात्र तिने कधी हात लावला नव्हता. "आपल्यात कोण मोठे लागून गेलेत?" असं म्हणून विषय मोडायची. पण माझ्या दादाला त्याच्या लेकीच्या बाप्तिस्म्याला वंशवृक्षाची तसबीर हवी होती. दादा अडतीस वर्षांचा, शाळेत खेळाचा शिक्षक, आणि रविवारी सकाळी फुटबॉल हवाच. त्याने आत्याच्या मागे भुणभुण लावली. आत्याने कुरकुरत काम हातात घेतलं आणि तीन आठवड्यांनी बोलावणं पाठवलं, पण मला एकटीला. दादाला का नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

टेबलावर चार चिठ्ठ्या ओळीने मांडल्या होत्या.

"वाच," ती म्हणाली.

पणजोबा, गवंडी, वय एकेचाळीस, परांचीवरून पडून. आजोबा, छत्तीस, शिडीवरून पडून. आजोबांचे भाऊ, एकोणचाळीस, सायकलवरून पडून. आणि आमचे बाबा, चाळीस, पोहताना बुडून. बाबा गेले तेव्हा मी आठ वर्षांची होते.

"आपल्या घरातल्या पुरुषांना तोल नाही," मी म्हणाले. घरातला हा विनोद जुनाच होता.

आत्या हसली नाही. "तुझा बाप नदी पार करून परत यायचा. तो कमरेएवढ्या पाण्यात कसा बुडेल?"

पाणी कमरेएवढं होतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आत्याने पणजोबांच्या वेळची वही माझ्यासमोर सरकवली. त्या काळच्या फादरांना लिहायची खोड होती. समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'पडण्याआधीच प्राण गेला होता, असे शेजारी काम करणारे सांगतात.'

"पडले म्हणून मेले नाहीत गं," आत्या म्हणाली. "मेले म्हणून पडले."

मी चारही वयं पुन्हा वाचली; दादा अडतीसचा होता.

दादाने सगळं हसण्यावारी नेलं. "आत्याला मेलेल्यांशिवाय कोण भेटतं? तिला मीही मेलेलाच दिसणार," म्हणाला आणि रविवारी बूट घालून निघाला. मी फोनवर त्याला इतकं तासलं की माझाच घसा बसला. वहिनीने त्याचे बूट लपवले, तर हा दुसरे घेऊन आला. दहा दिवस फोन वाजला की पहिल्या घंटेलाच मी तो उचलायची. शेवटी वहिनी रडली, तेव्हा हे महाशय माझ्यासोबत डॉक्टरांकडे आले.

डॉक्टरांनी आत्याची यादी दोनदा वाचली. हृदयाचा असा दोष घराण्यातून येतो, म्हणाले. एखाद्या मुलात उतरतो, एखाद्यात नाही. त्यांनी दादाच्या छातीला तारा लावल्या, सरकत्या पट्ट्यावर पळवलं, सगळ्या तपासण्या केल्या. दादाचं हृदय स्वच्छ निघालं. निघताना त्यांनी मला विचारलं, "आणि घरातल्या बायका?"

"बायका ठणठणीत!" मी म्हणाले. "आमची आत्या अडुसष्टची आहे."

हा किस्सा मी आत्याला फोनवर रंगवून सांगितला. तिकडून फोन ठेवल्याचा आवाज तेवढा आला. त्यानंतर तीन दिवस तिच्या खोलीला कुलूप होतं. चौथ्या दिवशी मी केक घेऊन वर गेले, म्हटलं आनंदाची बातमी आहे, म्हातारी एवढी का फुगली आहे?

ती टेबलाशी बसली होती. चपलांना वाळलेला चिखल होता. तीन दिवस ती शहरातली दुसरी चर्चं पालथी घालत होती.

"आपल्या वहीत बायका मरत नाहीत, कारण आपल्या वहीत त्या नसतातच," ती म्हणाली. "लग्न झालं, आडनाव गेलं. पुरलं ते नवऱ्याच्या चर्चमध्ये. एकोणतीस वर्षं लोकांना अक्कल शिकवतेय, आणि स्वतःच्या घरी नुसती आडनावामागे धावले."

तिने कागद पुढे केला. आजोबांची थोरली बहीण, पस्तीस, स्वयंपाक करताना. धाकटी, सदतीस, जिन्यावरून पडून. सायकलवाल्या आजोबांची मुलगी, तेहेतीस, चर्चमध्ये उभ्याने गाता गाता.

"पण दादाचं तर स्वच्छ निघालं," मी म्हणाले.

"त्याचं त्याच्यापाशी. तू चौतिसाची आहेस."

मग तिने कधी केलं नव्हतं ते केलं. उठली, स्वतःची खुर्ची ओढून मला तीत बसवलं आणि समोर वाकून उभी राहिली.

"माझ्या तोंडाकडे बघून सांग. कधी डोळ्यांपुढे अंधारी आली होती?"

मला मनापासून 'नाही' म्हणायचं होतं. एकदा बसच्या थांब्यावर आली होती, एकदा ऑफिसात फायली काढताना. दोन्ही वेळा मी बुडवलेल्या न्याहारीवर खापर फोडलं होतं. दादावर दहा दिवस ओरडत होते, त्याच दहा दिवसांत.

"दोनदा," मी म्हणाले.

आत्याने माझं मनगट घट्ट धरलं आणि घड्याळाकडे न बघताच ठोके मोजायला लागली.