प्लेटच्या बुडावरचा लाल ७३

हे वाचून कुणी मला शांती करायला किंवा अंगारा लावायला सुचवणार असेल, तर त्याने इथंच थांबावं. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता, आजही नाही. आमच्या बौद्ध घरात देव्हारा नव्हता, वडिलांचा एकच प्रश्न असायचा — "पुरावा कुठंय?"

मी संभाजीनगरच्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत घटसर्पाच्या जंतूंवर काम करते. घशातला स्वॅब जंतू वाढवायच्या, झाकण असलेल्या खास प्लेटवर घासायचा, ती प्लेट दोन दिवस इन्क्युबेटरच्या उबेत ठेवायची, काळे ठिपके उगवले की संशय पक्का.

प्लेटवर नंबर कुठं लिहायचा, हे आमच्या किसनमामांनी मला शिकवलं. जुने अटेंडंट. "म्याडम, झाकणावर काय लिव्हता? झाकण कुनाचंबी कुनाला बसतंय. बुडावर लिव्हा!" स्वतः लाल मेणाच्या पेन्सिलीने लिहायचे, मराठी आकड्यांत, साताची शेपटी लांब ओढून. मामा गेल्या वर्षी वारले. लाल पेन्सिली त्याआधीच बंद झाल्या, आता निळे मार्कर.

त्या आठवड्यात दोन प्लेटा होत्या. ७२ छावणी भागातल्या एका काकांची, ७३ खुलताबादच्या सात वर्षांच्या मुलीची. आमची नवी टेक्निशियन शबाना हिने नंबर झाकणांवर लिहिलेले. पहिल्या दिवशीच्या तपासणीत मी प्लेटा उलट्या करून पाहिल्या, बुडं कोरी. तिला झापलं, पण "उद्यापासून नीट लिही" एवढंच म्हटलं. तेव्हाच बुडावर नंबर लिहून घेतले नाहीत, तिथंच मी चुकले... मग दोन्ही झाकणं एकदम उघडून पाहिली आणि परत लावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ७२ वर काळे ठिपके, ७३ स्वच्छ. मुलगी निगेटिव्ह, असं मी वॉर्डला फोनवर सांगून टाकलं.

थोड्या वेळाने तिची आई दारात आली, हातात भरलेली पिशवी. "बाई, घरी न्या म्हणतेत. पन लेकराला पाणीबी गिळंना. मान बी सुजलीय. तुमी यकदा परत बघा ना..."

रिपोर्ट झाला होता. तरी उठले. ७२ ची प्लेट उचलून उलटी केली. बुडावर लाल मेणाने लिहिलेलं होतं, ७३. साताची शेपटी लांब.

म्हणजे ठिपके मुलीचे होते! झाकणं बदलली होती, आणि बहुधा माझ्याच हातून. मी जिन्यावरून धावत वॉर्डात गेले. सर, म्हणजे आमचे विभागप्रमुख, मागून ओरडत होते, "एकदा दिलेला रिपोर्ट असा फिरवायचा नसतो!" मी म्हणाले, "फिरवतेय. माझ्यावर मेमो काढा."

डॉक्टरांनी परत घसा पाहिला, डिस्चार्ज रद्द केला, घटसर्पाच्या विषावरचं इंजेक्शन सुरू केलं. दोघांचे नवे स्वॅब लावले. मुलीचा काळा आला, काकांचा कोरा. पोरगी वाचली.

मग मी चौकशीला बसले. प्लेटा प्लास्टिकच्या, नव्या पाकिटातल्या, म्हणजे जुना आकडा राहिला असंही नाही. कपाटं, खण, सगळं उपसलं, लाल पेन्सिल सापडली नाही. शबाना रडवेली झाली, "अल्ला कसम मॅडम, मैंने नहीं लिखा." आणि आदल्या दिवशी ती बुडं कोरी मी स्वतः पाहिली होती, हे कुणी माझ्याकडून काढून घेऊ शकत नाही.

शेजारच्या विभागातून निरोप आला, मामांच्या नावाने नारळ फोडा. फोडला नाही, फोडणारही नाही. सर म्हणाले, शबानाचं नाव टाका आणि मिटवा. तेही केलं नाही. रजिस्टरच्या शेऱ्यात मी लिहिलंय — "बुडावर क्रमांक आढळला. लिहिणारा माहीत नाही." सरांनी दोनदा खोडायला सांगितलं. ओळ तिथंच आहे. ज्याला स्पष्टीकरण सुचेल त्याने द्यावं, मी आनंदाने ऐकेन... पण पुराव्यासकट.

डिस्चार्जच्या दिवशी मुलीची आई परत आली. मुलगी शेजारी उभी राहून बिस्कीट खात होती, व्यवस्थित गिळत होती. आईने माझे हात धरले. "बाई, माझ्या लेकराचा नंबर कुनी वळखला? दुवा कुनाला देऊ?"

मी खोटं बोलत नाही. त्यामुळे 'मी' असं म्हणता आलं नाही.