दाजींची दुरुस्ती

यंदा, एकोणीसशे नव्वद साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, दुपारच्या टपालानं आमच्या दाजींवर अन्याय झाला. त्या टपालात विद्यापीठानं त्यांचा अर्ज मंजूर केल्याचं पत्र होतं. याला अन्याय म्हणणारा परभणी जिल्ह्यात बहुधा मी एकटाच असेन, म्हणून लिहून ठेवतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, चुडाव्याजवळच्या एका गावात प्राथमिक शिक्षक. विद्यापीठाच्या नामांतरासाठी मी पुष्कळ मोर्चे केले, दोनदा लाठी खाल्ली, पत्रकं तर पोत्यानं वाटली. पण जगातला प्रत्येक छापील कागद ही तपासायची वही आहे असं मनापासून मानणारा दुसरा माणूस मला भेटलेला नाही. सदऱ्याच्या खिशात लाल शाईचं पेन कायम, आणि ते उघडायला त्यांना कुणाची परवानगी लागत नाही. पूर्णेच्या स्टँडवरच्या वेळापत्रकात त्यांनी गाड्यांच्या खऱ्या वेळा लिहिल्या, तेव्हापासून लोक छापील आकडे सोडून लाल आकडे वाचतात. स्वतःच्या लग्नाची पत्रिका तपासून त्यांनी माझ्या वडलांकडे परत पाठवली होती. खाली शेरा होता : 'दहापैकी सहा. पुढच्या वेळी सुधारणा अपेक्षित.' आम्ही मेंढरंवाले. आमच्यात पुढची वेळ फक्त लोकर कातरायला असते. वडील दोन दिवस नीट जेवले नाहीत.

माझं पहिलं पत्रक मी मोठ्या उमेदीनं त्यांच्यापुढं ठेवलं, तर निम्मं खोडून परत आलं. "चार मार्क," दाजी म्हणाले. "धिक्कार सात ठिकाणी आलाय. एकदाच करावा, पण नीट करावा." मला लय राग आला. पण तेव्हापासून माझ्या पत्रकात धिक्कार एकच असतो.

त्यांच्या शाळेत खोली एक, मास्तर एक आणि पोरं दोन भाषांची. निम्मी मराठी शिकणारी, निम्मी उर्दू. दाजी स्वतः चौथीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेले, पुढं मराठीत. तेव्हा दुसरा मास्तर येईपर्यंत दोन्ही तेच शिकवू लागले आणि दुसरा मास्तर काही आला नाही. फळ्याच्या डाव्या टोकाकडून डाव्या हातानं मराठी निघायची, उजव्या टोकाकडून उजव्या हातानं उर्दू. दोन्ही खडू मध्यावर भेटले की मागून बघणाऱ्याला वाटायचं, मास्तर फळ्याला नमस्कार करायलेत. असं अकरा वर्षं चाललं. मग तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "दोन भाषांतून शिकवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?"

"पोरांनी," दाजी म्हणाले.

त्यावर शिक्का नव्हता. साहेबांनी लेखी बजावलं : विद्यापीठाचा दोन भाषांतून अध्यापनाचा वर्षाचा अभ्यासक्रम करून अधिकारपत्र आणा, नाहीतर उर्दूचा अर्धा वर्ग बंद. पोरं गाडीनं पूर्णेला गेली असती. पोरी घरी बसल्या असत्या. अशा पोरी नऊ होत्या, आणि त्यातली रुकय्या दाजींच्या शेजारचीच.

पंचेचाळीस वर्षांपर्यंतच अर्ज करता येत होता. दाजी तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे होते, म्हणजे घाई नव्हती. त्यांनी अर्ज मागवला, सगळे रकाने सुवाच्य भरले आणि मग सवयीनं लाल पेन उघडलं. माथ्यावर विद्यापीठाचं जुनं नाव छापलेलं होतं. दाजींनी ते खोडलं, वर विधिमंडळाच्या ठरावातलं नवं नाव लिहिलं, समासात 'दुरुस्त' म्हणून सही केली आणि अर्ज टपालात टाकला. महिन्याभरानं तो परत आला : 'अर्ज विद्रूप केल्याने अमान्य.'

मला वाटलं, आपला माणूस चळवळीत आला. मी मोर्चाला बोलवायला गेलो, तर म्हणाले, "मोर्चा कशापायी? अठ्ठ्याहत्तरलाच दोन्ही सभागृहांनी ठराव केलाय. नाव झालेलं हाय. छापणारा चुकायलाय." मी विचारलं, आपण मेंढरंवाले, आपला काय संबंध, असं भावकी म्हणते, तिला काय सांगू? "चूक कुणाच्या घरची हाय हे बघून दुरुस्त करत्यात का?" त्यांनी विचारलं आणि पुढची वही घेतली.

दुसऱ्या वर्षीचा अर्जही असाच दुरुस्त होऊन गेला आणि असाच परत आला. तिसरं वर्ष वयाच्या अटीतलं शेवटचं होतं. अक्का मला म्हणाली, "तुझं त्ये ऐकत्यात. तू सांग." मग त्या नावापायी डोकं फोडून घेतलेल्या मीच, दाजींचा अर्ज माझ्या अक्षरात भरला, त्यांच्यापुढं धरला आणि म्हणालो, "दाजी, या वर्षी फक्त सही."

त्यांचा हात खिशाकडं गेला. तेवढ्यात कुडापलीकडून रुकय्याच्या आईनं विचारलं, "मास्टर, इस साल कागद आयेगा ना? बच्ची रोज पूछती." दाजींनी लाल पेन अर्धं काढलेलं परत ठेवलं, माझं निळं मागून घेतलं आणि सही केली. माथ्याकडं त्यांनी पाहिलं नाही.

करीला मंजुरीचं पत्र आलं. वर जुनं नाव, ठळक. रुकय्याची आई साखर घेऊन आली, अक्कानं तिला पोळी दिली. दाजींनी पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून फळीवर ठेवलं. एक रेघ ओढली नाही. मी हसत विचारलं, "किती मार्क, दाजी?"

"मार्क कशाचे," ते म्हणाले. "मी कॉपी केलीय."

आता सुट्ट्यांत ते अभ्यासक्रमाला जातात. वर्गात फळ्यावर दोन्ही हात अजून मध्यावर भेटतात. लाल पेन मात्र तेव्हापासून पोरांच्या वह्यांपुरतंच उघडतं. परवा माझं पत्रक त्यांनी वाचून तसंच परत दिलं. त्यात तीन धिक्कार मी मुद्दाम घातले होते.

त्यांची परीक्षा एप्रिलात आहे. नंतर अधिकारपत्र छापलं जाईल आणि त्याच्या माथ्यावर एक नाव असेल. हे वाचणाऱ्यानं मोर्चाला यावं असं मी म्हणत नाही. पोस्टात जा, एक कार्ड घ्या, विद्यापीठाच्या कुलसचिवांना ठरावातलं नाव लिहून पाठवा, आणि समासात 'दुरुस्त' म्हणून सही करा. शाई लाल वापरा. एप्रिलच्या आत.