युसूफसरांचा लाकडी 'प'

पनवेलच्या आमच्या शाळेत युसूफसर चित्रकला शिकवायला आले, तेव्हा मी इंग्रजी शिकवत होते आणि वार्षिक अंकाचं संपादकीयही लिहीत होते. लेखाचं पहिलं अक्षर ते लाकडात कोरून देणार होते. आठवडा उलटला तरी पत्ता नाही.

"सर, एका अक्षराला इतका वेळ?"

"बाई, लेख दोनदा वाचला. आत काय आहे ते अजून सापडलं नाही."

कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मला असं ऐकवणारे ते पहिलेच. मी लेख पुन्हा लिहिला. आमची मैत्री तेव्हापासूनची.

जुन्या छापील पुस्तकांत प्रकरणाचं पहिलं अक्षर असं वेलबुट्टीसह कोरून छापत. ती कला सरांनी हट्टाने मराठी अक्षरांसाठी आत्मसात केली. नक्षी मजकुरातूनच निघाली पाहिजे, म्हणून वाचल्याशिवाय ते लाकडाला हत्यार लावत नाहीत.

माझे यजमान गेले तेव्हा सर रोज येत. सांत्वन करत नसत. खिडकीपाशी बसून कोरत राहत. घरात कुणाचं तरी काम चालू असल्याचा आवाज असे. मला तेवढा पुरे होता.

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथातल्या माझ्या लेखासाठी त्यांनी 'प' कोरला. ग्रंथ काढणाऱ्या समितीच्या चिटणीसांनी ठसा पाहिला आणि मला बाजूला नेलं.

"बाई, सरांनी अक्षर उलटं कोरलंय हो. पंचाहत्तरी आली, हात गेला. कॉम्प्युटरवरचं टाकू या, त्यांना कळणारही नाही."

"तुम्ही जन्मभर ऑफिसात शिक्के मारलेत ना? एकदा तरी शिक्का पालथा करून बघायचा! ठसा उलटाच कोरतात."

पण 'सरांचा हात गेला' ही बातमी तोवर खांदा कॉलनीपर्यंत पोचली होती. कारागिराची अब्रू म्हणजे त्याचा हात. मी चिटणीसांना तडक बाजारातल्या जुन्या छापखान्यात नेलं. शाई लागली, कागद उचलला. सुलट 'प', आणि त्याच्या पोटात उलव्याच्या खाजणातला खंड्या पक्षी. चोच सुईसारखी, कुठेही तुटलेली नाही.

"गेलेल्या हाताचं काम बघा," मी म्हटलं. चिटणीसांनी त्याच दिवशी घरोघरी फोन करून चूक कबूल केली.

सरांना कळलं तेव्हा ते पोट धरून हसले. "बाई, त्यांना एक छाप फ्रेम करून द्या."

तोच 'प' या लेखाच्या आरंभी आहे. सर आता सगळी मराठी अक्षरं ओळीने कोरताहेत; ती वर्णमाला 'म'पर्यंत आली आहे. उरलेली अक्षरं त्यांनी त्यांच्याच संथपणे कोरावीत, डोळे, गुडघे आणि तो हात अशीच साथ देवोत.

हा लेख मात्र त्यांनी आधी वाचायला मागितला नव्हता. "तुम्ही लिहिणार म्हटल्यावर आत काय असेल ते ठाऊक आहे," म्हणाले, आणि माझ्या जिभेला शोभेल अशी खंड्याची ती टोकदार चोच कोरली.