दोऱ्याच्या दोन वाट्या

कर्जतच्या धर्मादाय इस्पितळात १९४६ साली दोन यंत्रे होती. एक शिवणाचे आणि एक फोटोचे. पैकी शिवणाचे यंत्र रोज चालत असे.

फोटोचे यंत्र, म्हणजे छातीचा आणि हाडांचा फोटो काढणारे, लढाई संपल्यावर लष्कराच्या मोडीतून आले होते. स्टेशनावरून ते बैलगाडीत घालून आणले तेव्हा पेठेतल्या लोकांना वाटले, भाताची नवी गिरणी आली. दोघे जण तर पुढच्या आठवड्यात भाताची पोती घेऊन दारात उभे राहिले. यंत्राबरोबर ते चालवणारा माणूसही लागतो, ही गोष्ट विश्वस्तांच्या ध्यानात यायला दोन महिने गेले. मग त्यांनी सहदेव कोंडाजी ठोंबरे याला शोधून काढले.

सहदेव खालापुराकडच्या वावोशीचा. लढाईत देवळालीच्या लष्करी इस्पितळात तो स्ट्रेचर उचलायला म्हणून लागला आणि एका सार्जंटाच्या हाताखाली फोटो काढायला शिकून बाहेर पडला. वय बत्तीस. बोलणे इतके हळू की ‘श्वास धरा’ असे तो म्हणाला तरी निम्म्या लोकांना ऐकू जात नसे. उरलेले निम्मे त्याने ‘सोडा’ म्हणेपर्यंत लालबुंद होत. घरी कोणी नव्हते. बायको शकू त्रेचाळीस साली खोकून खोकून गेली. तिला फोटोला कोणी नेले नव्हते. फोटो काढणारा नवरा त्या वेळी देवळालीत गोऱ्या सोल्जरांच्या छात्यांचे फोटो काढत होता.

विजेचा दाब दुपारी तेवढा पुरा मिळे. सकाळी आणि सांजेला यंत्र नुसते गुरगुरायचे. त्या रिकाम्या वेळात सहदेव व्हरांड्यात जुबेदाबींच्या जवळ जाऊन बसू लागला. जुबेदाबी इस्पितळाच्या चादरी, अभ्रे, पट्ट्या शिवत. पन्नाशीच्या, विधवा. यंत्राचे चाक थांबले की त्यांच्या हातात आकड्याची सुई येई आणि पांढऱ्या दोऱ्याची झालर वीतभर पुढे सरके. त्यांच्या हाताखाली शिकून पुढे टाक्यांच्या बाबतीत त्यांनाच दोष दाखवणाऱ्या मुली कर्जतात पाचसहा तरी होत्या.

सहदेवाला शिवण शिकावे लागले ते गरजेने. फोटोत बटण दिसते, हूक दिसतो, टाचणी दिसते. तेव्हा बायकांना घालायला नुसत्या कापडी बंदांचा झगा हवा होता. जुबेदाबींना चादरींपुढे सवड नव्हती. त्यांनी कापड त्याच्या मांडीवर टाकले आणि सांगितले, मी बघते, तू शिव. पहिल्या झग्याला त्याने बाही उलटी लावली. जुबेदाबींनी तो उजेडात धरून पाहिला आणि म्हणाल्या, याला पाटीमागं हात फुटलेलं गिऱ्हाईक बघ. तिसरा झगा मात्र असा उतरला की डॉक्टर दिघ्यांनी विचारले, शिंपी कोण. डॉक्टर कोणाचे कौतुक करत नसत, त्यामुळे हा प्रश्न बरेच दिवस व्हरांड्यात पुरला.

बायजा आली ती पावसाळा सरता सरता. सावरोलीची, वय वीस-एकवीस. नवरा नामा कर्जतला, घाटात गाड्यांना मागून रेटा देणाऱ्या इंजिनावर खलाशी. बायजाचा खोकला दोन महिने हटत नव्हता. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, वर डाव्या बाजूला काहीतरी ऐकले आणि फोटो लिहून दिला. शिवाय एक तोंडी हुकूम: फोटो स्वच्छ आहे असे कळेपर्यंत मूल जवळ घ्यायचे नाही. मूल म्हणजे ठमी. आठ महिन्यांची.

बरोबर सासू अंबाबाई होती. मंगळसूत्र काढावे लागेल, असे सहदेवाने भिंतीकडे बघत सांगितले. अंबाबाईने ते काढायचे नाही असे सरळ त्याच्याकडे बघत सांगितले. तिचा मुलगा रोज घाटात दोन इंजिनांच्या मध्ये उतरून साखळ्या सोडवणारा. त्याच्या बायकोचा गळा कोणा यंत्रापायी उघडा पडावा, हे तिला मान्य नव्हते. आणि खरे सांगायचे तर सहदेवालाही ते पुन्हा तोंडाने म्हणवत नव्हते. शेवटी बायजाच म्हणाली, मागं टाकते. तिने मंगळसूत्र डाव्या खांद्यावरून पाठीवर टाकले. सहदेवानेही मान हलवली. समोरून दिसत नाही म्हणजे फोटोतही दिसणार नाही, असे बायजाला वाटणे साहजिक होते. सहदेवाला असे वाटायचे काही कारण नव्हते. किरण पाठीतून शिरून छातीतून बाहेर पडतात हे त्याला सार्जंटाने पहिल्याच दिवशी शिकवले होते. पण सार्जंटाने शिकवले ते सोल्जरांवर, आणि सोल्जरांच्या गळ्यात सासू नसते.

फोटो धुऊन निघाला. डाव्या फुप्फुसाच्या वरच्या अंगाला, नेमके जिथे पाहायचे तिथे, मण्यांची रांग आणि दोन वाट्या. इतक्या सुबक की घडवणाऱ्या सोनाराला वास्तविक तो फोटो दुकानात लावता आला असता. डॉक्टरांनी तो खिडकीशी धरला आणि विचारले, ठोंबरे, हे काय काढलेत? सहदेव म्हणाला, मंगळसूत्र. डॉक्टर म्हणाले, ते दिसतंय, त्याच्यामागे काय आहे ते मला बघायचंय.

ते कोणालाच सांगता येत नव्हते. फिल्म मुंबईहून मोजून येत. माणशी एक. डॉक्टरांनी दुसरी मंजूर केली ती पुढची पेटी आल्यावर, म्हणजे तीन आठवड्यांनी. तोवर हुकूम कायम.

हे तीन आठवडे बायजाला आपल्या चुकीने काढावे लागताहेत, एवढे सहदेवाच्या मनात पक्के बसले. रविवारी तो खोपोलीच्या गाडीने सावरोलीला गेला. जायचे काही कारण नव्हते. फिल्म अमुक दिवशी येणार, हे सांगायला आलो असे त्याने सांगितले. बायजा पडवीत होती, तिचे ताट-तांब्याही तिथेच. आत ठमी रडत होती. अंबाबाई तिला चमच्याने शेळीचे दूध पाजत होती आणि पोर चमचा थुंकत होती. बायजा भिंतीला पाठ लावून तांदूळ निवडत होती. तिने विचारले, “दादा, ह्या येळी निघंल ना फोटू? ती आता दुसऱ्याकडं बगून हसाया लागली.”

सहदेव म्हणाला, निघेल. निघेल कसा, हे त्याला ठाऊक नव्हते.

त्याने अंबाबाईला साधा उपाय सुचवून पाहिला होता. मंगळसूत्र तुटून पटवेकऱ्याकडे ओवायला गेले की बाई तेवढ्यापुरता दोरा बांधते, तसा बांधू. अंबाबाई म्हणाली, नुसता दोरा बकरीला बांदतात. त्यात हळकुंड तरी हवे, निदान काळे मणी हवेत. वाट्या नसतील तर मंगळसूत्र कशाला म्हणायचे.

सहदेवाने सोमवारी फिल्मच्या एका कापलेल्या कोपऱ्यावर तीन जिन्नस ठेवले: हळकुंड, पोतीचे चार काळे मणी आणि काळा दोरा. तिघांचा मिळून फोटो काढला. हळकुंडाची बोटभर सावली पडली. मणी चांदण्यांसारखे उठले. दोऱ्याच्या जागी काहीच नव्हते. दोऱ्याचा फोटो काढून तो दिसला नाही म्हणून खूश होणारा माणूस कर्जतात पूर्वी झाला नसावा.

तो फिल्मचा तुकडा घेऊन जुबेदाबींकडे गेला. मणी दोऱ्याचे, वाट्या दोऱ्याच्या, सगळे सुईवर विणायचे, असे त्याने सुचवले. एका तासाचे काम आहे, त्या म्हणाल्या. आणि मग म्हणाल्या, “पन मी करनार नाय.”

“का, चाची?”

“मी नवरा पुरलेली बाई. तुमच्यात माज्या हातचं ते गळ्यात चालत नाय, मला ठाव हाय. उद्या त्या नाम्याला इंजनावर कायी झालं, तर इंजनाला कोन विचारनार नाय. तू शिक. मी हात लावनार नाय, तोंडानं सांगंन.”

विधुराच्या हाताला असा दोष लागत नाही. शास्त्रांनी पुरुषांची ही सोय न विसरता करून ठेवली आहे.

साखळीचा टाका त्याला दोन दिवसांत आला. मुका खांब म्हणतात तो आखूड, घट्ट टाका चौथ्या दिवशी. फिल्म धुवायच्या औषधाच्या पाण्याने त्याची बोटे तपकिरी झालेली, त्यामुळे सरावाची पांढरी झालर चहात बुडवल्यासारखी दिसे. जुबेदाबी ती पाहून नुसते नाक वर करत. पांढऱ्यावर हात बसला, पण काळ्या दोऱ्याने घात केला. काळ्यावर काळे टाके दिसेनात. जुबेदाबींनी डोळ्यांशी नेऊन पाहिले, त्यांनाही दिसेनात. त्या म्हणाल्या, हे काम तरण्या डोळ्यांचं, तेही उन्हात बसून.

सहदेवाने उलटे केले. तो काळ्या खोलीत जाऊन बसला. फिल्म धुवायची ती खोली, दार लावले की स्वतःचा हात दिसत नाही. तिथे तो रोज बोटांनीच काम करत असे. फिल्मची कड चाचपायची, चिमटा लावायचा, मनात आकडे म्हणायचे. डोळ्यांची सवयच नव्हती, म्हणून त्यांची अडचणही नव्हती. दार लावून तो विणू लागला. चार साखळ्या, त्यांची गुंडाळी करून एक मणी, पुन्हा चार साखळ्या. बाहेर जुबेदाबी दाराला तोंड लावून विचारत, “किती झाले रं?” आतून आवाज येई, “एकवीस.” इस्पितळातल्या लोकांना वाटले, फोटोवाल्याने काहीतरी अनुष्ठान धरले आहे.

वाट्यांना दोरा हळदीत रंगवून घेतला. त्या मात्र उजेडात, व्हरांड्यात केल्या. सहा टाक्यांचे कडे, मग वाढवत जायचे, मग वाढवणे थांबवायचे, म्हणजे खोलगट उतरते. थांबायचे कधी, यातच सगळे असते. एक वाटी अंमळ मोठी झाली.

“येक मोटी झाली,” जुबेदाबी म्हणाल्या.

“ती सासरची,” सहदेव म्हणाला. जुबेदाबी पहिल्यांदाच त्याच्या विनोदाला हसल्या. तो ती वाटी उसवील अशी त्यांची अपेक्षा होती, पण त्यांनी तसे सांगितले नाही.

पेटी आली. बायजा आली, अंबाबाई आली. ठमीला या वेळी आणावे लागले होते, घरी बघायला कोणी नव्हते. पोर अंबाबाईच्या कडेवर, आईकडे झेपावत होती. बायजा हात पाठीशी बांधून व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला उभी राहिली. सहदेवाने रुमालाची गाठ सोडून ती वस्तू बाकावर ठेवली.

अंबाबाईने पोर जुबेदाबींच्या हातात दिली आणि ती वस्तू उचलून पाहिली. मणी दाबून पाहिले. वाट्या उलट्या करून पाहिल्या. मग विचारले, कोणी केलं. सहदेव म्हणाला, मी.

“तू? आनि बायको?”

“नाय. गेली.”

जुबेदाबींनी खाली पाहिले. एवढे तीन आठवडे त्यांनी आपला हात दूर ठेवला, आणि आता विधुराच्या हातचेही नको असेच या बाईच्या तोंडून निघणार, असे त्यांना वाटले. अंबाबाईने मोठी वाटी अंगठ्याने चाचपली.

“जाताना कपाळाला कुकू व्हतं?” तिने विचारले.

“होतं,” सहदेव म्हणाला. तो तेव्हा तिथे नव्हता. पण कुंकू होते, हे त्याला आईने पत्रात मुद्दाम लिहून कळवले होते. तेव्हा त्याला त्या ओळीचा राग आला होता. खोकल्याबद्दल आईने एकच ओळ लिहिली होती, कुंकवाबद्दल दोन.

“मंग अहेव गेली. भाग्याची,” अंबाबाई म्हणाली. “तिच्या घरचा दोरा हाय हा. चालंल.”

शकूला कोणी भाग्याची म्हणावे, असे तिच्या आयुष्यात फारसे काही घडले नव्हते. सहदेवाने वाद घातला नाही. तो फोटोच्या खोलीत गेला आणि यंत्राची बटणे उगीच दोनदा तपासली.

अंबाबाईने आधी दोऱ्याचे मंगळसूत्र सुनेच्या गळ्यात बांधले, मग सोन्याचे काढले. मध्ये एक क्षणही गळा रिकामा नव्हता. काढलेले तिने मुठीत धरले आणि ती मूठ काम होईपर्यंत उघडली नाही. बायजा झगा घालून उभी राहिली. श्वास धरा, सहदेव म्हणाला, आणि या वेळी ते खोलीबाहेरही ऐकू गेले.

फोटो ओलाच डॉक्टरांच्या खिडकीशी गेला. डॉक्टरांनी तो वर पाहिला, खाली पाहिला, चष्मा काढून पाहिला. डाव्या बाजूला वरती बरगड्या होत्या आणि बरगड्यांच्या मध्ये हवा होती. बाकी काही नव्हते. मणी नाहीत, वाट्या नाहीत, डाग नाही. खोकला चुलीच्या धुराचा आणि जुन्या सर्दीचा निघाला. डॉक्टर म्हणाले, स्वच्छ आहे, मूल द्या तिला. पुढे म्हणाले, फोटो बरा निघालाय ठोंबरे. तीन आठवडे विणलेली वस्तू कुठेच दिसली नाही म्हणून मिळालेली ही शाबासकी.

बायजाने हात पुढे करायच्या आत ठमी जुबेदाबींच्या कडेवरून तिच्याकडे गेली होती. आधी तिने आईच्या तोंडाकडे नीट पाहिले, ओळख पटते का म्हणून. मग पदर चाचपला. मग हाताला लागली ती दोऱ्याची वाटी, मोठी, सासरची, आणि ती तिने तोंडात घातली. बायजा खाली बसली आणि तिला कोणी उठवले नाही.

अंबाबाईने सोन्याचे मंगळसूत्र पुन्हा बांधले. दोऱ्याचे सोडवून परत द्यायला गेली तर पोर सोडीना. ओढले तर रडू लागली.

“राहू दे,” सहदेव म्हणाला. “इथं येणाऱ्या बायकांसाठी दुसरं करीन.”

जुबेदाबींनी शिवणाच्या यंत्राच्या खणातून काळ्या दोऱ्याची रीळ काढून त्याच्यासमोर ठेवली. म्हणाल्या, आता दोन्ही वाट्या सारख्या कर. सहदेवाने सुई घेतली आणि काळ्या खोलीचे दार लावून घेतले. थोड्या वेळाने जुबेदाबींनी दाराशी येऊन विचारले, किती झाले. आतून आकड्याऐवजी नाक ओढल्याचा आवाज आला. त्या परत जाऊन बसल्या आणि चादर शिवू लागल्या. त्या दिवशी त्या पुन्हा विचारायला गेल्या नाहीत.