दोन गोठ आणि एक तलवार

मी वाचायला शिकले ती गुरुजींच्या पत्रकांवर. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी पडवीत एक सायक्लोस्टाइल यंत्र आणून ठेवलं होतं. रेशनच्या ज्वारीतले खडे, रस्त्याच्या कामावरच्या मुकादमाची अरेरावी, तालुक्याच्या साहेबाची जीप, कशावरही ते पत्रक काढत आणि शाईचे हात धोतराला पुसत. पुढे स्टेन्सिल मीच लिहू लागले. खोटं छापायचं नाही आणि छापलेलं मागं घ्यायचं नाही, हे त्यांनी शिकवलं. मी ते देवाच्या शपथेसारखं धरून बसले.

आमचं गाव माण तालुक्याच्या टोकाला. कोर्टकचेरी साताऱ्याला, बाजार सांगलीच्या बाजूला. गावात दोन आळ्या. वरच्या आळीत आईचं माहेर, खालच्या आळीत सासर. मधे एक ओढा, तोही बहुतेक कोरडा. बाहत्तरच्या दुष्काळात आमच्या आळीची विहीर आटली आणि वरच्या आळीची टिकली. पाण्यावरून तंटा झाला, काठ्या निघाल्या, एकाचा हात कायमचा अधू झाला. त्यानंतर खालच्या आळीला ती विहीर बंद झाली आणि आईला माहेर. मामा ओढ्यापलीकडून जाताना दिसायचा. आई दारात उभी राहायची. तो मान वर करत नसे.

तो तंटा गुरुजींनी मिटवला. हे मी आजही नाकारणार नाही.

त्यांनी दोन्ही आळ्यांतल्या बायांकडून थोडी थोडी चांदी मागितली. कुणी जोडवी दिली, कुणी पोरांचे वाळे, एका म्हातारीनं मेलेल्या नवऱ्याचा करदोडा दिला. सांगलीकडचा एक सोनार बोलावला. देवळाच्या पारावर त्यानं शेगडी मांडली, भाता लावला आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ती चांदी एकाच मुशीत वितळवली. गुरुजी म्हणाले, "बघा रे. आता ज्याला आपल्या आळीची चांदी वेगळी करता येईल, त्यानं पुढं येऊन करावी." कुणी हललं नाही.

त्या चांदीचे सोनारानं दोन गोठ घडवले, मनगटात घालायची भरीव कडी. एक माझ्या आईच्या हातात घातला, दुसरा मामीच्या. मनगटांवर चढवून त्यांची तोंडं चिमट्यानं अशी दाबून मिटवली की कापल्याशिवाय निघू नयेत. ठराव असा: हे दोन गोठ दोन हातांत आहेत तोवर विहीर दोन्ही आळ्यांची. गुरुजींनी आईला बजावलं, "कुणी मागितला तरी द्यायचा नाही. मी मागितला तरी नाही."

दुसऱ्या दिवशी आई विहिरीवर गेली. मी बरोबर होते. मामी आधीच काठावर उभी.

"वन्सं, तुमच्या गोठाला आमच्या आळीची चांदी जास्त लागलीया. म्हणून असा चमकतोय."

"चमकतोय मी राखंनं घासते म्हणून. तुमी कवा घासता? दिवाळीला?"

"आवं, आमाला कुठला येळ! तुमच्या भावाची भांडी घासता घासता हातच झिजून चाललाय, गोठ निसटंल एखाद दिवशी."

बाया हसल्या. आई इतकी हसली की घागर काठावर टेकवून खाली बसली. आई माहेरच्या विहिरीवर हसत होती.

पुढे आणीबाणी आली. गुरुजींनी यंत्रावर गोणपाट टाकलं. मला वाटलं, पोलिसांपासून लपवलं असेल. मी तेव्हा साताऱ्याला कॉलेजात होते. सुट्टीला आले की विचारायची, "गुरुजी, कधी काढायचं पत्रक?" ते म्हणायचे, "वेळ येऊ दे." त्यांच्या पडवीत आता पांढऱ्या टोपीची, सत्ताधारी पक्षाची नवीन माणसं बसलेली असायची. मी आले की बोलणं थांबायचं. चहा मात्र मलाही मिळायचा.

त्या उन्हाळ्यात पाझर तलावाच्या उद्घाटनाला मंत्री येणार असं ठरलं. एका दुपारी गुरुजी आमच्या घरी आले. आई तांदूळ निवडत होती, मी शेजारीच होते. साताऱ्याला प्रदर्शन आहे, म्हणाले. दोन्ही गोठ शेजारी शेजारी ठेवायचे आहेत. बाहेरच्या लोकांना कळू दे गाव कसं एक झालं ते. उजळून परत मिळतील.

आईनं सूप खाली ठेवलं. "तुमीच म्हनला हुता न्हवं, मी मागितला तरी द्यायचा न्हाई?"

"मी कुठं मागतोय? तुझ्या भावजयीनं सकाळीच काढून दिला. आता तुझा एकटीचा राहिला तर वरची आळी काय म्हणेल? खालच्यांचा विश्वास नाही म्हणेल."

आई बराच वेळ मनगट धरून बसली. "वैनीनं दिला?"

"सकाळीच."

"मला न सांगता?"

गुरुजींनी दाराकडे वळून हाक मारली. बाहेर सोनार उभाच होता, दुसराच कुणी, अवजारं घेऊन आलेला. त्यानं गोठाखाली फडकं सरकवलं आणि कानशीनं घासायला सुरुवात केली. आईनं हात पुढे केला होता, तोंड भिंतीकडे. त्या संध्याकाळी ती विहिरीवर गेली नाही. म्हणाली, "पानी हाय घरात." पाणी नव्हतं.

सभा शाळेच्या मैदानावर झाली. मंत्र्यांचं भाषण झालं, हार झाले, आणि मग गुरुजींनी मखमलीच्या म्यानातून एक चांदीची तलवार काढली. माइकवर त्यांचा आवाज मला नवा वाटला. दोन्ही आळ्यांच्या लेकीसुनांनी आपल्या हातचे गोठ स्वखुशीनं दिले, ते म्हणाले, आणि त्या चांदीचा मुलामा या पात्यावर आहे. मंत्र्यांनी तलवार डोक्यावर उचलली. फोटोवाला पुढे धावला. टाळ्या वाजल्या, खालच्या आळीनंही वाजवल्या.

मी आईकडे पाहिलं. ती आपल्या मनगटाकडे पाहत होती. बायांच्या गर्दीतून मामी वाट काढत तिच्यापर्यंत आली.

"वन्सं, मला सांगायचं तरी हुतं. तुमी दिला म्हनून म्या दिला."

"तुमी दिला म्हनून म्या दिला, वैनी."

"माझ्याकडं सकाळी आला त्यो. तुमचा आदीच गेला म्हनला."

"माझ्याकडं दुपारी."

मामी कोरडं हसली. "मजी खोटं मलाच सांगितलं. तुमास्नी खरंच सांगितलं की."

मी गुरुजींना मंडपामागे गाठलं. काय बोलायचं ते घोकलेलं सगळं विसरले. एवढंच म्हणाले, "ते गोठ शांततेसाठी होते."

"वेडी आहेस," ते म्हणाले. "घाट बदलला. चांदी तीच आहे." आणि मग, पूर्वी स्टेन्सिल देताना म्हणायचे त्याच मायेनं, "यावर एक छान पत्रक लिही. छपाई या वेळी सांगलीच्या प्रेसमध्ये होईल. परवानगीचं मी बघतो."

मला रडू आलं नाही. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे होते आणि त्यांच्या बोटांना शाईचा एक डागही नव्हता, हे मला दिसत राहिलं.

विहीर लगेच बंद झाली नाही. आधी रहाटाचा दोर कुणीतरी काढून नेला. मग आमच्या आळीच्या एका बाईला काठावर कुणी काही बोललं. गोठ नाहीत, मग ठराव कसला, असं वरच्या आळीचे पुरुष म्हणाले, आणि आमच्या आळीचे पुरुष म्हणाले, आधी गोठ दिला तो तुमच्याच घरानं. हे खरंच होतं. गुरुजींनी मारलेली पाचर खऱ्याचीच होती. आई ओरडून सांगायची की वैनीला फसवलं, पण पारावर बायांचं कोण ऐकतं? मामा पुन्हा मान खाली घालून जाऊ लागला.

आता त्या दोघी आठवडी बाजारात भेटतात, मिरच्यावाल्याच्या पालाआड. घरी कुणाला सांगत नाहीत. आणीबाणी उठली, सरकार बदललं, गुरुजी जिल्ह्याच्या एका समितीवर आहेत आणि शांततेवर व्याख्यानं देतात.

मी हे लिहायला घेतलं तेव्हा आईला वाचून दाखवलं. माझा राग सगळा गुरुजींवर होता, पानंच्या पानं. तिनं ऐकून घेतलं. मग मनगटावरून अंगठा फिरवत म्हणाली, "त्याचं काय लिवायचं ते लिव. पर येक लिवायचं ऱ्हायलंय."

"काय?"

"त्या दुपारपासनं सभा हुईपातूर मी वैनीला वाईट म्हनत हुते मनात. लय वाईट. तिनं मला इचारलं न्हाई म्हनून. गोठ गेला त्याचं न्हाई वाटत. ह्ये मला त्यानं करायला लावलं. त्ये लिव."