जाळरेषेचा कंडक्टर

"सरका बाप्पा, सरका! पुढं जागा आहे!"

असं म्हणत तो दोन्ही हात पसरायचा, आणि गवत कापायला एकाच जागी घोळका करून उभी राहिलेली माणसं खरंच पुढे सरकायची. जन्मभर बसमध्ये कंडक्टरकी केलेला माणूस. रिटायर होऊन गावी आला, तरी समोर चार माणसं दिसली की त्याला गाडी भरल्यासारखंच वाटत असे.

आमचं गाव पांढरकवड्याच्या अलीकडे, जंगलाला खेटून. दिवाळीनंतर गवत वाळतं, माघात सागाची पानं गळतात आणि चैत्रापर्यंत घरांच्या मागे एका ठिणगीनं पेटेल अशी रास जमते. एका उन्हाळ्यात वणवा थेट गावात शिरला आणि दोन गोठे आतल्या कुटार-चाऱ्यासकट खाऊन गेला. तेव्हा ठरलं, जंगल आणि घरं यांच्यामध्ये एक रुंद पट्टा दरवर्षी साफ करायचा. गवत कापायचं, रायमुनियाची, म्हणजे घाणेरीची, झुडपं उपटायची, पाला झाडून काढायचा. वनखात्याची माणसं त्याला जाळरेषा म्हणतात. गावाच्या वन समितीचा अध्यक्ष मी. खताचं दुकान, बऱ्यापैकी मान. मी फळ्यावर सूचना लिहिली, भोंग्यावरून पुकारा केला. तिघं आले. त्यातला एक युरिया आला का, ते विचारायला आला होता.

पुढच्या वर्षी हा आला आणि त्यानं त्या पट्ट्याची बस केली, थांब्यांची नावं त्याच्या जुन्या रूटवरची. वडाकडचं टोक म्हणजे आर्णी, मधला चढ म्हणजे दारव्हा, शाळेमागचा तुकडा म्हणजे बोरी अरब. "बोरी अरबवाले, उतरून घ्या! आपापले विळे सांभाळा!" बायका हसून बेजार. ज्यानं गवत कापलं त्याच्याच गोठ्यात ते जाणार, हा नियमही त्याचाच. स्वतः मात्र विळा फारसा चालवत नसे. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती फेरी. घाम सगळ्यांचा, नाव त्याचं. तुमच्याही गावात असा एक असेल. नीट पाहा, त्याच्याकडे टक लावून बघणारा माझ्यासारखाही एक तिथंच कुठंतरी उभा असेल.

मला तो "अध्यक्षसाहेब" म्हणायचा. सगळ्यांदेखत, मान थोडी झुकवून. त्यात मान किती आणि थट्टा किती, हे मला कधीच उमगलं नाही.

तेवढं मी सोसलं असतं. पण त्यानं माझी आईसुद्धा पळवली.

आमच्या बांधावर मोहाचं मोठं झाड आहे. फुलं वेचायची तर खालची जमीन साफ हवी, म्हणून आई दरवर्षी तिथला पाला पेटवून द्यायची. आमच्याकडचे कितीतरी वणवे असेच सुटतात. मी तिला विनवलं, रागावलो, अध्यक्ष म्हणून तंबीही दिली. "तू कालचं पोट्टं, मले मोह शिकवतं का?" एवढंच तिचं उत्तर.

हा एके सकाळी खराटा घेऊन गेला आणि काही न बोलता झाडाखाली झाडायला लागला.

"काय करून राह्यला रे?" आईनं विचारलं.

"माय, तुम्ही पेटवता आन् मंग मले धावा लागते. या वयात धावनं होत नाही. त्यापरीस झाडलेलं बरं."

आई हसली. त्या दिवसानंतर तिनं तिथं काडी ओढली नाही. जुनी लुगडी जोडून झाडाखाली अंथरायला लागली, फुलं त्यावरच पडायची. आणि तो दारात आला की लोणच्याची बरणी बाहेर निघायची. माझ्या ताटात ते लोणचं सणासुदीला.

मग मीही हट्टाला पेटलो. नाल्याकडच्या तुकड्यात रायमुनियाचं रान माजलं होतं. काट्यांमुळे तिकडे कोणी फिरकत नसे, त्याच्या बसचा तिथं थांबाच नव्हता. दुकान उघडण्याआधी मी रोज एकटा तिथं जायला लागलो. हात ओरबाडून निघाले. पण एक तरी तुकडा माझ्या नावाचा व्हायला हवा होता.

चैत्रातल्या एका दुपारी टेकडीवर धूर दिसला. वारा गावाच्या दिशेनं. आणि आग आली ती नेमकी नाल्याकडून. डोक्याच्या वर चढलेल्या ज्वाळा मी साफ केलेल्या पट्ट्यापाशी आल्या, पुढे खायला काही मिळेना, तशा गुडघ्याएवढ्या झाल्या. सगळं गाव हिरव्या फांद्या घेऊन त्यांच्यावर तुटून पडलं. पाठीमागे हाकेच्या अंतरावर घरं होती, खाटेवरची म्हातारी माणसं होती. हा मध्यभागी उभा राहून ओरडत होता, "भिऊ नोका! गाडी माह्या ताब्यात आहे!"

आग विझली. दुसऱ्या दिवशी वनखात्याचे साहेब आले. गावानं त्यालाच पुढे ढकललं आणि साहेबांनी त्याच्या गळ्यात हार घातला. आता हा नाल्याचं नाव काढेल, म्हणून मी वाट बघत होतो. "साऱ्या गावाची मेहनत हाये साहेब," एवढं बोलून तो हाराकडे बघत राहिला. टाळ्या पडल्या. सगळ्यात मोठ्यानं मीच वाजवल्या, कोणाला संशय नको म्हणून.

संध्याकाळी तो घरी आला. मला अंगणात बाजूला घेऊन म्हणाला, "अध्यक्षसाहेब, नाल्याकडचं काम तुमचं होतं. मले माहीत होतं. सांगाचं राह्यलं."

"राह्यलं?"

"हार गळ्यात पडला आन् डोकंच चाललं नाही." शर्टाला चिकटलेली झेंडूची पाकळी तो काढत होता. "आम्ही दोघं एकाच दिवशी रिटायर झालो. मी आन् माह्या गाडीचा ड्रायव्हर. हार एकच आनलेला. तो ड्रायव्हरले घातला. त्यानं काढून मले द्याले पाह्यला. म्हनलं राहू दे, उतरलेला हार काय घालाचा."

भांडायची सगळी तयारी होती, आणि समोर हा असा उभा.

"उद्या फळ्यावर लिहून टाकू का तुमचं नाव?"

"राहू द्या," मी म्हणालो. तरी त्यानं लिहायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.

त्या पावसाळ्यात त्याची मुलगी त्याला नागपूरला घेऊन गेली. तिथून तो फोन करायचा, तोही माझ्याच मोबाइलवर. "नमस्कार अध्यक्षसाहेब. मायले द्या." आईला कमी ऐकू येतं, म्हणून फोन तिच्या कानाशी मीच धरायचा. ती पाल्याचं सांगायची, गाईचं सांगायची आणि खुदखुदत राहायची. माझ्याशी बोलताना ती अशी कधी हसली, मला आठवत नाही.

यंदा फाल्गुनात ती मोहाखाली झाडत असताना त्याच्या नंबरवरून फोन आला. मी सवयीनं फोन तिच्याकडे नेतच होतो, तेवढ्यात पलीकडून बाईचा आवाज आला. त्याची मुलगी होती. बाबा सकाळी गेले म्हणाली.

मी आईला सांगितलं. ती तिथंच पाल्यावर बसली आणि रडली. माझे वडील गेले तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. खरं सांगतो, त्या क्षणीसुद्धा मला त्याचा हेवा वाटला.

थोड्या वेळानं मी तिच्या हातातला खराटा घेतला आणि उरलेलं झाडायला लागलो.

"असा ओरबाडू नोको," आई पदरानं डोळे पुसत म्हणाली. "हलक्या हातानं झाड. तो कसा हलक्या हातानं झाडे."