कोठाराच्या जागी मैदान

लढाई संपली असं सगळे म्हणत होते, पण शीण कुणाचाच गेला नव्हता. चाळीमागच्या ओसाड लष्करी कोठाराच्या जागी पोरांसाठी मैदान करायचं ठरलं, तेव्हा माणसं गिरणीतून आल्यावर तारा, पत्रे उपसू लागली. शेजारच्या सुभद्राकाकू सगळ्यांत शेवटी घरी जात. त्यांचा एकुलता मुलगा लढाईवरून परतला नव्हता.

"काकू, पुरे आता. हात बघा किती कापलेत," मी म्हणाले.

"पोरं अनवाणी खेळतात गं," म्हणत त्या काचा वेचत राहिल्या.

मैदान खुलं झालं, त्या संध्याकाळी पोरांनी नुसता कालवा केला. काकू भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेल्या. रडताहेत वाटून मी जवळ गेले. रात्र रात्र येरझारा घालणाऱ्या काकूंना त्या गोंगाटात गाढ झोप लागली होती.